बनारसमध्ये आठ दिवस मिश्रा म्हणून

"जर्मनी मी दोनदा पाहिली. सारनाथ एकदाही नाही."

एप्रिलमध्ये आमच्या गेर्लिंगेनच्या स्वयंपाकघरात भेंडी चिरता चिरता सासूबाई एवढंच म्हणाल्या. सूर तक्रारीचा नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. दोन भेटींत आम्ही त्यांना सहा किल्ले, तीन तळी आणि मोटारींचं एक संग्रहालय दाखवलं होतं. चाळीस वर्षं नागपूरच्या सरकारी इस्पितळात नर्स असलेल्या, दर पावसाळ्यात घरी धम्मग्रंथाचं वाचन न चुकता करणाऱ्या या बाईला सारनाथला न्यावं, हे आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

त्यांचं मागणं छोटंसं होतं. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एकाच जागी राहतात आणि रोज धम्म सांगतात, त्याला वर्षावास म्हणतात. त्यातले काही दिवस सारनाथला राहायचं, सकाळचं प्रवचन ऐकायचं, बस्स. माझा नवरा अमोल सोमवार ते शुक्रवार कामासाठी इंगोलश्टाटला असतो आणि ऑगस्टमध्ये त्याला उरलाउब, म्हणजे रजा, मिळणार नव्हती. म्हणून ठरलं की मी आणि आमची अकरा वर्षांची ऊर्वी स्टुटगार्टहून निघायचं, सासूबाईंनी नागपूरहून यायचं, आणि तीन आठवडे एकत्र राहायचं.

आता ही पोस्ट वाचून कुणी जायचं ठरवत असेल तर माझ्या चुका आधी वाचा.

पहिली चूक महिन्याची. इथे शाळा एक दिवसही बुडवता येत नाही, त्यामुळे ऑगस्टशिवाय पर्याय नव्हता. ऑगस्टमध्ये बनारसला गंगेला पूर येतो हे मी वाचलं होतं, पण त्यात "कधीकधी" हा शब्द मी मनानेच घातला होता.

दुसरी चूक घराची. सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "सारनाथलाच खोली घे ना, मला रोज जायचंय." पण मला घाट हवा होता, गच्चीतून गंगा हवी होती, वॉशिंग मशीन आणि वायफाय हवं होतं. "आई, बाराच किलोमीटर आहे. गेर्लिंगेनहून स्टुटगार्टला जातो तेवढंच," असं सांगून मी अस्सी घाटाजवळ एका घराचा वरचा मजला घेतला. हे वाक्य मला पुढे रोज दोनदा आठवलं, एकदा जाताना आणि एकदा येताना.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. फ्रँकफुर्टची गाडी उशिरा, दिल्लीत विमान उशिरा. बनारसचा विमानतळ शहरापासून पंचवीस किलोमीटरवर आहे. टॅक्सी आधी ठरवून घ्या, आणि श्रावणात जात असाल तर टॅक्सी घरापर्यंत जाईल या भ्रमात राहू नका. त्यांचा श्रावण आपल्या आधी लागतो. रस्तोरस्ती भगव्या कपड्यांतले कावडवाले, जागोजागी लोखंडी अडथळे. चालकाने आम्हाला जिथे सोडलं तिथून घर अजून अर्धा तास होतं. ऊर्वीची सूटकेस चाकांची, आणि गल्लीत घोट्याएवढं पाणी. ती जर्मनमध्ये जे काही म्हणत होती ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरात असले शब्द कुणी वापरत नाही, त्यामुळे शाळेची फी कुठे जाते ते कळलं.

घरमालकीण खालच्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. साठीच्या, निवृत्त शिक्षिका, पांढरी सुती साडी. आमची अवस्था पाहून त्यांनी आधी टॉवेल दिले, मग आलं घातलेला चहा, मग गरम कचौड्या. इतकी माया पाहून मला रडूच यायचं बाकी होतं. मग त्यांनी पासपोर्ट मागितले, कारण परदेशी पासपोर्टवाल्यांचा फॉर्म भरावा लागतो. तो त्यांचा पुतण्या लखनौहून भरायचा. त्यांनी चष्मा शोधला, सापडला नाही, म्हणून मलाच विचारलं, "पूरा नाम बताइए बेटा."

मी सांगितलं. वैशाली मेश्राम.

"मिश्राम?" त्या थबकल्या, मग त्यांचा चेहरा उजळला. "अच्छा, मिश्रा! महाराष्ट्र में ऐसे बोलते होंगे. तब तो आप अपने ही लोग हैं."

तीस तासांचा प्रवास, बुटात पाणी, हातात त्यांच्याच कचौडीची बशी. मी म्हटलं, "जी."

दुरुस्त करायला पाच सेकंद लागले असते. जिन्यात ऊर्वीने मला थांबवलं आणि जर्मनमध्येच विचारलं, की आपलं नाव ते नाही हे तू सांगितलं का नाहीस. तिला मराठी सगळं समजतं, हिंदीही बरंचसं, पण उत्तरं कायम जर्मनमध्ये. मी म्हटलं, दमलेय, उद्या सांगते.

खरं म्हणजे सवय झालेली आहे. स्टुटगार्टमध्ये जर्मनांना आडनावाशी काही देणंघेणं नसतं. पण ऑफिसातले भारतीय सहकारी विचारतात, "मेश्राम म्हणजे नक्की कुठले तुम्ही?" मी म्हणते, नागपूर, आणि लगेच संत्र्यांवर जाते. बारा वर्षं मी संत्र्यांवर जाते आहे.

दुसऱ्या दिवशी सासूबाई कँट स्टेशनवर उतरल्या. एक सूटकेस, एक पिशवी, पिशवीत चिवडा. मालकीणबाईंनी दारात त्यांचं "आइए माताजी" म्हणून स्वागत केलं. माताजींना आडनाव लागत नाही, त्यामुळे विषय निघाला नाही, आणि माझा "उद्या" पुढे सरकत राहिला.

आता बनारसबद्दल. मी ज्या घाटांसाठी सासूबाईंचं ऐकलं नव्हतं ते घाट पाण्याखाली होते. एकही पायरी दिसत नव्हती. गच्चीतून गंगा दिसायची, पण ती इतकी जवळ होती की बघायला भीती वाटावी. मातकट, रुंद, झाडं वाहून नेणारी. होड्या बंद. एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जायची वाट बंद. आरती कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर चालायची, आणि खाली उभं राहून आम्हाला फक्त धूर आणि लोकांच्या छत्र्या दिसल्या. चारशे फोटो पाहून गेलेल्या माणसाला हे सोसत नाही. तिसऱ्या दिवशी मी अमोलला फोनवर म्हटलं की आपण काशीला आलो आहोत याचा पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त चिखल आहे.

खाणं मात्र चोख. सकाळी कचौडी आणि जिलबी, दुपारी टमाटर चाट, मातीच्या कुल्हडातली लस्सी. तिघींचं पोटभर खाणं स्टुटगार्टमधल्या एका कॉफीच्या पैशांत होतं. पाणी मात्र बाहेरचं पिऊ नका. आम्हाला तो प्रश्न नव्हता, कारण मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आपली कळशी आणा आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या फिल्टरमधून हवं तेव्हा भरा. "अपने ही लोग हैं" हे त्या रोज म्हणायच्या. मी रोज कळशी भरायचे.

आणि सारनाथ. प्रवचन आठला, म्हणून आम्ही सहाला निघायचो. आधी चालत मुख्य रस्त्यापर्यंत, मग टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, मग पूल बंद, मग वळसा, मग दुसरी टोटो. "बाढ़ है मैडम, उधर से नहीं जाएगा," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ऊर्वी ते जर्मन उच्चारात म्हणून दाखवायला लागली. बारा किलोमीटरला कधी दीड तास, कधी दोन. आठ दिवसांत प्रवचनाला आम्ही वेळेवर फक्त दोनदा पोचलो. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मागे जाऊन ओल्या सतरंजीवर बसायच्या आणि उरलेलं ऐकायच्या. त्या बोलत नव्हत्या म्हणून मी जास्त चिडायचे, टोटोवाल्यांवर, कावडवाल्यांवर, गंगेवर. सारनाथचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. हे मला माहीत होतं. आम्ही शुक्रवारीच गेलो.

आठवा दिवस सोमवार होता. श्रावणी सोमवारी गाड्यांना शहरात वाट नाही, म्हणून आम्ही घरीच होतो. सासूबाई भाजी निवडत होत्या, ऊर्वी वाचत होती. मालकीणबाई जिना चढून वर आल्या. उद्या त्यांच्या यजमानांची बरसी, म्हणजे वर्षश्राद्ध, होती. दरवर्षी त्या एका ब्राह्मण बाईला जेवू घालतात, पण ती नगवा नावाच्या सखल वस्तीत राहते आणि नगव्यात कमरेएवढं पाणी भरलं आहे. त्यांनी सासूबाईंसमोर हात जोडले.

"माताजी, आप ही आ जाइए. मिश्राजी के घर की हैं, इससे अच्छा क्या होगा."

सासूबाईंनी मान वर केली. "कौन मिश्राजी?"

मालकीणबाई हसल्या. "आप लोग, और कौन."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. माझ्या मते त्यांना तेवढंच पुरलं. त्यांनी हातातली काडी ताटात ठेवली आणि रुग्णाच्या नातेवाइकांना ताप किती आहे ते सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "नहीं बहनजी. हमारा नाम मेश्राम है. हम ब्राह्मण नहीं हैं. बौद्ध हैं, पहले महार थे. आप किसी और को बुला लीजिए."

मालकीणबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले, मग हळूहळू सुटले. अरे, कोई बात नहीं, आम्ही तर हे सगळं मानत नाही, असं काहीसं त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या. कुणी आवाज चढवला नाही. दुपारी मी पाण्यासाठी खाली जायला निघाले तर आमची कळशी जिन्याच्या सर्वात वरच्या पायरीवर ठेवलेली होती, रिकामी, आणि खालचं दार आतून लावलेलं. संध्याकाळी लखनौच्या पुतण्याचा फोन आला. फार नम्र होता. घरात पाहुणे येणार आहेत, खोल्या लागतील, उरलेल्या दिवसांचे पैसे परत करतो.

फोन ठेवून मी वळले तेव्हा सासूबाई सूटकेस भरत होत्या. मी म्हटलं, त्यांनीच तसं समजून घेतलं होतं, मी फक्त नाही म्हटलं नाही. पहिल्या दिवशी दमले होते. मग राहून गेलं. मग वाटलं, आठ दिवसांचा प्रश्न आहे, कशाला. मी बरंच बोलले. मालकीणबाईंबद्दलही बोलले, की या काळात, शिकलेली बाई, शिक्षिका.

त्यांनी साडीची घडी पूर्ण केली. "त्यांचं मला नवीन नाही, वैशाली. तुझं नवीन आहे."

त्यानंतर त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

अमोलला फोन केला. तो म्हणाला, की आधीच हॉटेल घ्यायला हवं होतं. मी फोन बंद केला. त्याचं उत्तर माझ्या संत्र्यांसारखंच होतं, म्हणून जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी, तीन सूटकेस आणि एक पिशवी दोन टोटोंमध्ये घालून सारनाथला गेलो. एका विहाराच्या अतिथीगृहात खोली मिळाली. तीन लोखंडी खाटा, थंड पाणी, वायफाय नाही, दिवे दिवसातून चारदा जाणार. रजिस्टरवर सासूबाईंनी पूर्ण नाव लिहिलं. त्यानंतर तर त्यांनी पेरूवाल्यालाही पूर्ण नाव सांगितलं, त्याने विचारलं नसताना. मी बाजूला उभी राहून सुटे पैसे शोधायचे. मला लाज वाटत होती, पण नक्की कशाची ते ठरत नव्हतं.

धामेक स्तूपामागच्या हिरवळीवर त्याच दुपारी आम्ही बसलो होतो. पाऊस थांबला होता, विटा काळपट लाल झाल्या होत्या, दोन श्रीलंकेच्या यात्रेकरू बाया प्रदक्षिणा घालत होत्या. अचानक ऊर्वीने आजीकडे तोंड करून जर्मनमध्ये प्रश्न विचारला. आजीला जर्मन येत नाही. दोघी माझ्याकडे पाहायला लागल्या.

पहिला प्रश्न सोपा होता. महार म्हणजे काय? हा शब्द तिने काल पहिल्यांदा ऐकला होता. अकरा वर्षांत आम्ही तो तिच्यासमोर उच्चारला नव्हता. मी तो सासूबाईंना मराठीत सांगितला आणि त्यांनी तिला सांगायला सुरुवात केली. विहीर कुणाची, पाणी कुणाला, शाळेत कोण कुठे बसायचं. त्यांच्या वडिलांनी धम्म घेतला तो दिवस. इस्पितळात काही नातेवाईक आधी आडनाव विचारायचे आणि मग ठरवायचे की पाणी हिच्या हातून घ्यायचं की नाही. "मग मी काय करायची? बिल्ल्यावर नाव मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. विचारायचे कष्ट वाचले त्यांचे." ऊर्वीला मराठी कळत होतं, माझी गरज नव्हती.

मग तिने दुसरा प्रश्न विचारला, आणि त्यासाठी माझी गरज होती.

मी काहीही सांगू शकले असते. "भूक लागली म्हणते" असं सांगितलं असतं तरी सासूबाईंना कळलं नसतं, ऊर्वीला मात्र कळलं असतं. सासूबाई वाट पाहत होत्या.

"ती विचारते आहे," मी म्हटलं, "आई खोटं का बोलली."

माझ्या तोंडून ते मराठीत ऐकताना मला पहिल्यांदा कळलं, की "दुरुस्त करायचं राहून गेलं" याला हाच शब्द आहे.

सासूबाईंनी गवताचं पातं तोडलं. मग ऊर्वीला म्हणाल्या, "घर हवं होतं तिला. तू भिजली होतीस. माणूस घाबरतो." त्या पुढे बोलल्या, आणि हे अमोललासुद्धा माहीत नव्हतं. "मी पण केलंय. ट्रेनिंगला जबलपूरला होते, एकोणीस वर्षांची. खोलीतल्या मुलींना मी दुसरंच आडनाव सांगितलं. चार महिने. मग घरून पत्र आलं. पाकिटावर नाव होतं."

ऊर्वीने विचारलं, मग काय झालं. हे मी न सांगताच त्यांना कळलं.

"खाट व्हरांड्यात आली माझी. सहा महिने तिथेच झोपले. पण झोप चांगली लागायची, ते चार महिने लागत नव्हती." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुझ्यावर चिडले कारण मला ती मुलगी आठवली. तुला वाटलं, तुझी मला किळस आली. तसं नव्हतं."

मी रडले. स्तूपाच्या हिरवळीवर, लोकांसमोर, रुमाल नसताना. ऊर्वीने मला वहीचा कागद दिला.

उरलेले अकरा दिवस सारनाथला होतो. छान होते असं लिहून मी फसवणार नाही. डास, दमट अंथरुणं, कपडे तीन दिवस वाळत नाहीत, पहाटे चारला भोंग्यावरून येणारी भजनं आणि त्यांना साथ देणारे कुत्रे. पण प्रवचन चालत पाच मिनिटांवर होतं. सासूबाई रोज पहिल्या ओळीत. दुपारी त्या त्रिशरण ऊर्वीकडून पाठ करून घ्यायच्या, आणि तिचे पाली उच्चार माझ्यापेक्षा चांगले निघाले, जर्मन 'ख' कुठून तरी मध्ये यायचा तेवढं सोडून. संग्रहालय अखेर पाहिलं, मंगळवारी. आपल्या राजमुद्रेवरच्या सिंहांचा तो दगड इतका गुळगुळीत आहे की पहारेकऱ्याची नजर चुकवून हात लावावासा वाटतो. लावला नाही.

म्हणून सल्ला असा. सारनाथसाठी जायचं असेल तर सारनाथलाच राहा. घाट पाहायचे असतील तर ऑक्टोबरनंतर जा. शुक्रवारचं लक्षात ठेवा. टोटोचं भाडं बसण्याआधी ठरवा. बाकीचं ज्याचं त्याला.

परतून आता महिना झाला. गेर्लिंगेनमध्ये पाण्याचा नळ उघडला की पाणी येतं, बस वेळेवर येते, कुणी काही विचारत नाही, आणि पहिले काही दिवस मला या सगळ्याचा उगाचच राग येत होता. सासूबाईंनी पुढच्या वर्षावासासाठी त्या अतिथीगृहात दोन महिन्यांची खोली सांगून ठेवली आहे, एकटीसाठी, आम्हाला न विचारता. अमोल काळजी करतो. मी पण करते, पण बोलत नाही.

मागच्या आठवड्यात ऊर्वीला शाळेत सुट्टीतल्या एका दिवसावर एक पान लिहायचं होतं. मला वाटलं, पूर लिहील, नाहीतर टोटो. तिने तो सोमवार लिहिला. भाजी, जिना, जोडलेले हात, सगळं. मला दाखवायला आणलं, कारण जर्मनमधल्या माझ्या चुका तिला माहीत आहेत तरी स्वल्पविराम मी बरे टाकते. तिसऱ्या परिच्छेदात वाक्य होतं, "माइने ओमा हाट एस गेझाग्ट. माइने मामा निष्ट." माझ्या आजीने सांगितलं. माझ्या आईने नाही.

पेन्सिल हातात होती. ऊर्वी बाजूला उभी होती. मी ते वाक्य दोनदा वाचलं. त्यात चूक नव्हती. मी पुढच्या ओळीत राहून गेलेला एक स्वल्पविराम टाकला आणि पान तिला परत दिलं.